हाताला दोर लागू द्या

एका सागरी संग्रहालयात जहाज हाकायच्या खेळापाशी मी बराच वेळ उभी होते. छातीएवढ्या उंचीचं लाकडी चाक, समोर भिंतभर पडदा, पडद्यावर बंदराचं तोंड. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पुढे झाला आणि त्याने चाक गर्रकन फिरवलं. पडद्यावरचं जहाज मोटारीसारखं लगेच वळलं. त्याने उलटं फिरवलं, ते उलटं वळलं. मग ते धक्क्याला आपटलं, लाल अक्षरं उमटली, ‘पुन्हा खेळा’ आलं. मिनिटभरही झालं नसेल, मुलगा निघून गेला. त्याच्यामागून आलेल्या मुलीने तेच केलं आणि तीही गेली.

दोघांना जहाजाबद्दल एकच गोष्ट शिकायला मिळाली आणि ती धादांत चुकीची होती. जहाज असं वळत नाही. चाक फिरवल्यावर आधी काहीच होत नाही. मग मागची बाजू बाहेर फेकली जाते, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, हळूहळू आत वळू लागते, आणि वळू लागलेलं जहाज चाक सरळ केलं तरी वळतच राहतं. त्याला थांबवायला सुकाणू उलट्या बाजूला धरावं लागतं, तेही वळण पुरं होण्याच्या बरंच आधी. जहाज थोपवणं तर आणखी अवघड. पूर्ण वेगात असताना इंजिन उलटं फिरवलं, तर जहाज त्याच्या लांबीच्या पंधरा पटींच्या आत थांबलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा निकष आहे. फार अवजड जहाजांना तर त्याहूनही सवलत मिळते. म्हणजे तीनशे मीटर लांबीचं जहाज साडेचार किलोमीटर पुढे जाऊन थांबलं, तरी ते नियमात बसतं.

त्या खेळात एवढा उशीर घातला असता तर काय झालं असतं? मुलाने चाक फिरवलं असतं, काही झालं नाही म्हणून आणखी फिरवलं असतं, आणि मग जहाज त्याच्या हाताबाहेर गेलं असतं. दुसऱ्या खेपेला त्याने वळण यायच्या आधी हात हलवला असता, तिसऱ्या खेपेला चाक थोडंच फिरवून श्वास रोखून वाट पाहिली असती. सुकाण्याचं सगळं कसब त्या वाट पाहण्यात आहे. संगणकाला तो उशीर दाखवणं मुळीच कठीण नव्हतं. पण बनवणाऱ्याने जहाजाकडे पाहिलंच नव्हतं, मुलांना कंटाळा येऊ नये एवढंच पाहिलं होतं. आणि मुलं मिनिटात कंटाळली.

जगभर जुनी सागरी संग्रहालयं नव्याने सजवली जात आहेत, नवी उभी राहत आहेत. यातला बराच पैसा लोकांचा आहे. आराखड्यात ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द हमखास असतो, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा पडदे एवढाच धरला जातो. किती पडदे, किती इंचांचे, किती भाषांत. माझं म्हणणं वेगळं आहे. समुद्राने माणसापुढे जी अडचण टाकली होती, तीच अडचण प्रेक्षकापुढे टाकावी आणि ती सोडवायला त्याच्या हातापायांना, डोक्याला आणि सोबतच्या माणसाला काम द्यावं. हे पडद्याने होत असेल तर पडदा लावा, दोराने होत असेल तर दोर द्या. पण आधी अडचण शोधा, साधन मागाहून.

दोराचंच घेऊ. जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात हे पुष्कळांना माहीत असतं. नॉट म्हणजे गाठ, आणि या गाठी खऱ्याखुऱ्या दोरावरच्या गाठी होत्या, हे फार थोड्यांना माहीत असतं. एका लाकडी फळीला दोर बांधून ती जहाजाच्या मागे पाण्यात सोडत. फळी पाण्यात उभी राहून जवळजवळ जागच्या जागी थांबे, जहाज पुढे सरके आणि दोर रिळावरून सुटत जाई. दोराला दर ४७ फूट ३ इंचांवर, म्हणजे सुमारे १४.४ मीटरवर, गाठ मारलेली असे. एक खलाशी दोर हातातून जाऊ देई, दुसरा २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ धरी. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हाताला लागल्या, तितके सागरी मैल दर तासाला. गुणाकार नाही, भागाकार नाही. तो सगळा हिशेब दोर बनवणाऱ्याने गाठींमधल्या अंतरात आधीच करून ठेवलेला.

हे संग्रहालयात कसं दाखवायचं? मी पाहिलेल्या एका ठिकाणी काचेच्या पेटीत रीळ होतं, शेजारी चार ओळी होत्या. लोक त्या ओळी वाचत नव्हते. माझ्या मनातली मांडणी अशी आहे. गाठी मारलेल्या दोराचं मोठं वेटोळं लाकडी कप्प्यांवरून मोटारीने फिरतं ठेवायचं. वेग दर वेळी वेगळा. दोर पूर्ण झाकलेला, कारण पाच नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर आणि एवढ्या वेगाने जाणारा दोर मुठीत धरला तर तळवा सोलून निघेल. फक्त एका खाचेत दोन बोटं टेकवायची आणि गाठ आली की खालच्या चामड्याच्या पट्टीतून बोटांना ठोका लागेल. शेजारी वाळूचं घड्याळ. एकट्याला हे जमणार नाही. एकाने घड्याळ उलटून ‘चालू’ म्हणायचं, वाळू संपली की ‘बस’ म्हणायचं, दुसऱ्याने डोळे मिटून ठोके मोजायचे. जहाजावरही हे काम एकट्याचं नव्हतंच.

आणि तिथे घड्याळं दोन ठेवायची, त्यांतलं एक तीन-चार सेकंद जास्त चालणारं. हे कुठेही लिहायचं नाही. शेजारच्या जोडीचा आकडा वेगळा आला की कुणाचं चुकलं यावर वाद सुरू होईल, घड्याळं बदलून पाहिली जातील. वाळूला दमटपणा लागला की ती सावकाश पडते, वापरून वापरून दोराची लांबी बदलते, आणि अशा चुकलेल्या आकड्यांवर भर समुद्रात आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधावा लागत असे. हे वाचून कळत नाही असं नाही. पण स्वतःचा आकडा चुकल्यावर जे कळतं, ते घरी जाताना सोबत येतं.

समुद्राच्या गोष्टी नीट पाहिल्या तर त्यांतल्या कित्येक मुळातच अशा अडचणींच्या आहेत. स्वीडनचं ‘वासा’ हे युद्धनौकांमधलं सर्वांत प्रसिद्ध अपयश. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून ते पहिल्याच सफरीला निघालं, सुमारे १३०० मीटर गेलं, वाऱ्याच्या झोताने कललं, तोफांच्या खालच्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि ते बुडालं. ३३३ वर्षांनी, एप्रिल १९६१ मध्ये, ते जवळजवळ अखंड वर काढलं गेलं. आज ते स्वतःच्या संग्रहालयात उभं आहे. त्याच्या पुढ्यात उभं राहिल्यावर पोटात खड्डा पडतो.

ही गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: जहाज वरून जड होतं, म्हणून उलटलं. लहान मुलांसाठी याचं खेळणं बनवायचं म्हटलं, तर टाकीत होडी, वर ठेवायला वजनं, खाली ठेवायला वजनं. खाली जास्त ठेवा, होडी स्थिर. टाळ्या. पण यातून ‘वासा’ बांधणारे मूर्ख होते असा समज होतो, आणि तो त्या माणसांवर अन्याय आहे. तळाशी नीरम, म्हणजे जहाज स्थिर ठेवणारं वजन, त्यांनी भरलं होतं, सुमारे १२० टन. आणखी भरलं असतं तर जहाज आणखी खाली बसलं असतं आणि तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. तोफा कमी कराव्यात, तर त्या राजाला हव्या होत्या, एकूण चौसष्ट. पोट रुंद करावं, तर लाकडं कापून, सांधून झालेली. मुख्य बांधणारा हेन्रिक हिबर्टसन १६२७ मध्येच वारला होता. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून पाहिलं होतं. तिसऱ्या फेरीनंतर जहाज इतकं डोलू लागलं की चाचणी थांबवावी लागली. आरमाराचा मोठा अधिकारी तिथे हजर होता. तरी जहाज निघालं. नंतर चौकशी झाली, दोषी कुणीच ठरलं नाही.

म्हणून टाकीतला नमुना असा हवा की त्यात सोपं उत्तरच नसेल. पारदर्शक पोटाची हातभर लांब होडी, शिशाचे तुकडे, पितळी तोफा, खिडक्यांना खरी भोकं आणि बाजूला पंखा. टाकीवर एक पाटी: चौसष्ट तोफा हव्यात, या आठवड्यात निघायचं आहे. नीरम वाढवलं की खिडक्या पाण्यात. नीरम कमी केलं की पंख्याच्या पहिल्या झुळकीला होडी आडवी. येणारा माणूस दहा प्रकारे वजनं हलवून बघेल आणि शेवटी त्याच्या लक्षात येईल की चूक या टाकीत सुधारण्यासारखी उरलेलीच नाही, ती दोन वर्षांपूर्वी रुंदी ठरवताना झाली होती. आता राजाला कोण सांगणार? तिथे एक जुनं टेलिफोनसारखं यंत्र ठेवून ‘राजाला कळवा’ असं लिहिण्याचा मोह कुणालाही होईल. तो आवरावा. प्रश्न तसाच ठेवून माणसाला मोठ्या दालनात, खऱ्या जहाजापुढे जाऊ द्यावं.

ही टाकी खऱ्या जहाजापासून लांब, वेगळ्या इमारतीत असायला हवी. समुद्राच्या तळातून आलेलं लाकूड हा फार नाजूक रुग्ण असतो. ‘वासा’वर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाचे फवारे सतरा वर्षं मारावे लागले, म्हणजे सुकताना लाकूड आकसून फुटू नये. आजही त्याच्या दालनातली हवा, दमटपणा, उजेड सगळं मोजून मापून राखलं जातं. शेजारी पाणी उडवणारी मुलं आणि पंखे ठेवणं म्हणजे आजाऱ्याच्या खोलीत सण साजरा करणं.

‘वासा’तच चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांच्या. एकाच जहाजावर दोन वेगळ्या मापांनी काम चाललं होतं. यावर पडदा कशाला हवा? दोन मुलांना दोन पट्ट्या द्याव्यात, प्रत्येकाला ‘तीन फूट’ लांबीची फळी निवडायला सांगावं आणि दोघांनी त्या एकमेकींना जोडून बघाव्यात.

यातली सगळ्यात स्वस्त मांडणी मला सगळ्यात प्रिय आहे. जहाजाच्या कुशीवर आडव्या रेघांची एक शिडी रंगवलेली असते. सॅम्युअल प्लिमसोल या ब्रिटिश खासदाराने कमालीच्या ओझ्याखाली समुद्रात ढकलल्या जाणाऱ्या जहाजांविरुद्ध लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने भाराची मर्यादा दाखवणारी खूण सक्तीची झाली. पुढे तिला आणखी रेघा जोडल्या गेल्या: गोड्या पाण्याची वेगळी, उष्ण कटिबंधाची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. कारण समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणून तेच जहाज नदीत शिरलं की थोडं जास्त बुडतं. दोन टाक्या, एकीत गोडं पाणी, दुसरीत समुद्राइतकं खारं, आणि उभ्या भिंतींची एकच जड पेटी. वीस सेंटीमीटर बुडणारी पेटी असेल तर फरक जेमतेम अर्धा सेंटीमीटर पडेल. मांडणी करणाऱ्याला वाटेल की हे कुणाला दिसणारच नाही, मीठ चौपट टाका. टाकू नये. माणसाने गुडघ्यावर बसून, डोळा रेघेच्या पातळीला आणून तो अर्धा सेंटीमीटर शोधावा. तेवढ्याशा फरकासाठी जहाजावर वेगळी रेघ ओढावी लागली, ती पाळली जावी म्हणून कायदा करावा लागला. फरक फुगवून दाखवला, तर रेघेचं मोलच जाईल.

पडदा लागतोच असाही एक विषय आहे. रेखांशाचा. समुद्रात आपण पूर्वेला-पश्चिमेला किती आलो हे, निघाल्या बंदराची वेळ दाखवणारं घड्याळ आणि जहाजावरची दुपार यांच्यातल्या फरकावरून काढता येतं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. घड्याळ एक मिनिट चुकलं, तर विषुववृत्तावर माणूस सुमारे अठ्ठावीस किलोमीटर चुकतो. १७०७ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजं फुटली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. १७१४ मध्ये रेखांश शोधण्यासाठी वीस हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस कायद्याने जाहीर झालं, आणि सुतारकाम शिकलेल्या जॉन हॅरिसनने आयुष्य घालवून समुद्रावर टिकणारं घड्याळ बनवलं. त्याचं चौथं घड्याळ १७६१ च्या जमैका सफरीत ८१ दिवसांत पाच सेकंदांनी मागे पडलं. आता येणाऱ्याच्या हाती एक जुन्या पद्धतीचं घड्याळ द्या, त्याला रोज किल्ली देण्याचं सोंग करायला लावा, दुपारची वेळ टिपू द्या, आणि पडद्यावरचा नकाशा त्याच्या आकड्यावरून जहाज कुठे आहे ते दाखवू दे. खडकापासून लांब आहोत असं समजणारा माणूस खडकावर आहे, हे दाखवायला नकाशासारखं दुसरं साधन नाही. इथे पडद्याला खरं काम आहे.

पण हॅरिसनची पहिली तीन घड्याळं ग्रिनिचला प्रत्यक्ष चालतात. पहिल्या घड्याळात पितळी गोळ्यांचे दोन दांडे एकमेकांकडे झुकतात, दूर जातात, पुन्हा झुकतात. चौथं मात्र झिजू नये म्हणून थांबवून ठेवलेलं. त्या तीन घड्याळांपुढे माणसं आपोआप गप्प होतात. त्यांच्या जवळ कसलंही बटण लावू नये. वस्तू स्वतः बोलत असताना मध्ये तोंड घालणं हा आराखडा करणाऱ्यांचा फार जुना दोष आहे.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला ‘मेरी रोज’ या युद्धनौकेच्या संग्रहालयात हा संयम दिसतो. १९ जुलै १५४५ रोजी बुडालेल्या आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर आलेल्या त्या जहाजाचं अर्धं पोट एका बाजूला आहे आणि समोरच्या बाजूला, आरशात दिसावं तसं, त्याच मजल्यांवर त्या त्या जागी सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत. प्रेक्षक मधल्या वाटेने डेकच्या पातळीवरून चालतो. फासे, जपमाळा, उवा काढायच्या बारीक दातांच्या फण्या, जहाजावरच्या कुत्र्याचा सांगाडा. चालणं हीच तिथे कृती आहे. मी तिथे जोडलीच तर एक गोष्ट जोडीन. जहाजावर शेकडो धनुष्यबाण होते आणि ते धनुष्य ताणायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागे. भिंतीला पक्कं बसवलेलं, बाण नसलेलं एक धनुष्य ठेवून म्हणावं: ताणून बघा. बहुतेकांना ते वीतभरही ताणता येणार नाही. मग शेजारच्या दालनात त्या माणसांची हाडं पाहताना नजर खांद्याकडे जाईल.

पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर काड्या आणि शंख-शिंपले बांधून नकाशे बनवत. काचेमागे टांगलेली ती जाळी तुटक्या पंख्यासारखी दिसते आणि लोक पुढे सरकतात. ती जाळी म्हणजे लाटांचा नकाशा आहे. दूरवरून येणारी मोठी लाट बेटाला वळसा घालते, दोन्हीकडून वाकून येते आणि बेटाच्या पलीकडे स्वतःलाच छेदते. ते छेद कुठे पडतात हे काड्या सांगतात. नावाडी हा नकाशा सोबत नेत नसत, किनाऱ्यावर पाठ करत आणि समुद्रात लाटेचा हेलकावा अंगाने ओळखत. हे समजावायला फार थोडं लागतं: खालून उजेड सोडलेली उथळ पाण्याची काचेची परात, दोन बाजूंना लाटा उठवणाऱ्या पट्ट्या आणि हवे तिथे ठेवायला दोन-तीन गोल दगड. दगड ठेवला की लाटांच्या सावल्या त्याच्याभोवती वाकतात. दोन मिनिटं त्याच्याशी खेळलेला माणूस मान वर करून काड्यांच्या जाळीकडे बघेल, तेव्हा त्याला ती वाचता येईल. १९७६ मध्ये सातावाल बेटाचे नावाडी माऊ पियाईलुग यांनी कुठलंही यंत्र न वापरता ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली. त्या सफरीची चित्रफीत या परातीनंतर दाखवावी, आधी दाखवून उपयोग नाही.

आता जिथे हात आखडता घ्यायला हवा त्याबद्दल. समुद्राच्या इतिहासात गुलामांच्या जहाजांचं मोठं, काळं प्रकरण आहे. ‘ब्रूक्स’ या जहाजाचा आराखडा १७८८ मध्ये छापला गेला: पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा. माणसं फळ्यांसारखी रचलेली. नियमाने या जहाजाला ४५४ माणसं नेता येत होती, त्याआधीच्या एका सफरीत त्याने सहाशेहून जास्त नेली होती. २०१५ मध्ये एका शैक्षणिक संगणक खेळावर मोठा गदारोळ झाला, कारण त्यात एक भाग होता ज्यात मुलांनी गुलामांची शरीरं ठोकळ्यांसारखी जहाजात बसवायची होती. तो भाग काढून टाकावा लागला. बनवणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. पण हाताने करून पाहिलं की समजतं, या तत्त्वाला लागलीच पाहिजे ती मर्यादा त्यांना दिसली नाही. इतरांवर अत्याचार करणाऱ्याचं काम कुणाच्याही हातात खेळ म्हणून देऊ नये. आणि अत्याचार सोसणाऱ्याचं सोंगही पाच मिनिटांसाठी देऊ नये, कारण पाच मिनिटांनंतर उठून जाता येतं आणि त्यांना उठता येत नव्हतं.

मग तिथे काय करावं? माझ्या मते मापं द्यावीत, भूमिका देऊ नये. जमिनीवर सहा फूट आणि एक फूट चार इंचांचा आयत, पितळेच्या पट्टीने आखलेला, त्याच्या शेजारी तसाच दुसरा, तिसरा, दहावा. सूचना कसलीही नाही. कुणी बाजूने जाईल, कुणी आपल्या खांद्यांची रुंदी मनातल्या मनात मोजेल. लिव्हरपूलला सागरी संग्रहालयाच्याच इमारतीत २००७ मध्ये गुलामगिरीच्या इतिहासाचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. बंदराची भरभराट आणि गुलामांचा व्यापार या गोष्टी एका छताखाली आल्या, हे कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं काम आहे.

‘टायटॅनिक’च्या बाबतीत माझं मत अजून पूर्ण ठरलेलं नाही. अमेरिकेतल्या एका संग्रहालयात त्या रात्रीच्या समुद्राइतक्या थंड, उणे दोन अंशांच्या पाण्यात हात बुडवून पाहता येतो. ते मला योग्य वाटतं. सुमारे पंधराशे माणसं गेली, त्यांतली बहुतेक बुडून नव्हे, थंडीने गेली. आणि काही सेकंदांत बोटं ठणकू लागली की हे वाक्य अंगावर येतं. पण काही प्रदर्शनांत प्रवेशद्वारावर एका खऱ्या प्रवाशाचं तिकीट हातात देतात आणि बाहेर पडताना तुम्ही वाचलात की मेलात ते भिंतीवर पाहायचं असतं. एका अनोळखी माणसाचं नाव दोन तास जपलं जातं, ही त्यातली चांगली बाजू. बाहेर ‘मी वाचलो, तू गेलास’ असे हसण्याचे आवाज येतात, ही दुसरी. मला ते आवाज सहन होत नाहीत.

हेडसेटबद्दल थोडंच बोलते. डोळ्यांवर यंत्र चढवून समुद्राच्या तळाशी नेणारा अनुभव सुंदर असू शकतो. पण हिशेब करून पाहा. एकाला सहा मिनिटं, चढवणं-उतरवणं-पुसणं दोन मिनिटं. एका यंत्रावर तासाला सात माणसं, आठ तासांत छप्पन्न. दिवसाला हजार लोक येत असतील तर जवळजवळ साडेनऊशे लोक फक्त रांग बघणार. आणि ज्याला मिळेल तो आपल्या आई-मुलांपासून सहा मिनिटं तुटणार. संग्रहालयात माणसं कुटुंबाने, मित्रांसोबत येतात. जे दोघांनी मिळून करायचं, ज्यावरून दोघं भांडतील, ते त्यांना जास्त लक्षात राहतं. दोराचा ठोका, टाकीतली होडी, धनुष्याचा ताण हे डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही तितकंच मिळतं. फक्त टाकीचा काठ चाकाच्या खुर्चीत बसलेल्याला पोहोचेल एवढा खाली हवा, आणि हे बांधण्यापूर्वी खुर्चीत बसणाऱ्यालाच विचारून ठरवावं.

बांधण्यापूर्वी पुठ्ठ्याचं करून पाहावं, असं मी प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहीन. पुठ्ठा, प्लायवूड, प्लॅस्टिकचं टब. आठवडाभर ते खऱ्या लोकांपुढे ठेवावं, मागे उभं राहून बघावं, बोलू नये. लोक भलत्याच ठिकाणी हात घालतील, घड्याळ उलटं धरतील, होडी काढून खिशात घालतील. त्या आठवड्यात जेवढं शिकायला मिळतं तेवढं बैठकांमधून वर्षभरात मिळत नाही, आणि खर्च नगण्य असतो. पण उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि पहिला बळी या आठवड्याचा जातो.

दुसरा बळी देखभालीचा. ‘बंद आहे’ अशी पाटी लावलेली यंत्रं मी इतक्या संग्रहालयांत पाहिली आहेत की आता मोजणं सोडलंय. लोकांच्या पैशाने यंत्र येतं, ते जपणाऱ्या माणसाचा पगार मात्र येत नाही. संगणकावर चालणाऱ्या मांडण्यांचं आयुष्य तर आणखी कमी. कितीतरी ठिकाणचे पडदे अडोबी फ्लॅश या संगणक प्रणालीवर चालत. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि ज्यांच्याकडे नव्याने लिहून घ्यायला पैसा नव्हता त्यांच्याकडे काळ्या काचा उरल्या. कप्पी मोडली तर सुतार दुरुस्त करतो. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी सुरू केलं, आणि तिथली कार्यशाळा लोकांना दिसेल अशी उघडी ठेवली. मोडणं आणि दुरुस्त करणं हा तिथे लपवायचा भाग नाही. जहाजांच्या संग्रहालयाला तर हे किती शोभून दिसेल. सुतार आणि शीड शिवणारा ही माणसं जहाजावरच असत, कारण भर समुद्रात रोज काहीतरी मोडतच असे.

आणि माणूस हवा. एका लहानशा संग्रहालयात, जिथे पडदा एकही नव्हता, एक निवृत्त खलाशी बाकावर दोराचा तुकडा घेऊन बसलेले होते. ते कुणाला बोलावत नव्हते. हात मात्र चालू होते: फास, त्याच्यातून वर आलेलं टोक, मागून वळसा, पुन्हा फासात. गाठ घट्ट ओढून त्यांनी तिच्यावर जवळजवळ लोंबकळून दाखवलं, मग अंगठ्याने मागची बाजू दाबली आणि ती सुटली. ओझं पेलते आणि काम झालं की सहज सुटते, म्हणून ही गाठ माणसाला पाण्यातून वर ओढायलाही वापरतात, एवढं सांगून त्यांनी दोर समोरच्या मुलीच्या हातात दिला. तिचं चार वेळा चुकलं. पाचव्यांदा जमलं, तेव्हा तिच्या मागे आठ-दहा माणसं गोळा झाली होती आणि प्रत्येकाला तो दोर हवा होता.

दोराची टोकं पार विसकटलेली होती. दर दोन-तीन महिन्यांनी तो बदलावा लागतो, आणि तो ते स्वतःच्या खिशातून आणतात, असं त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं.